कसं केलंस?

मुलीचा गणिताचा अभ्यास मी घेतो, तेव्हा तिला गणित यावं असं मला वाटतंच. पण त्याहून जास्त घाई असते ती पान संपवण्याची. जेवणाआधीचा अर्धा तास, उदाहरणं बरोबर, सही, वही बंद. ती बोटांवर मोजायला लागली की माझ्या तोंडून निघतंच, ‘बोटं नको, मनात कर.’ का? दुसरीतल्या मुलीनं बोटं मोजली तर बिघडतं काय? वेळ लागतो, एवढंच. आणि तो वेळ मला द्यायचा नसतो.

43 वजा 17. तिनं उत्तर लिहिलं 34. मी फुली मारली, शेजारी उसना घेऊन 26 काढून दाखवले आणि पुढच्या उदाहरणाकडे गेलो. अशीच उत्तरं पुन्हा येत राहिली, तेव्हा कुठे विचारलं, हे कसं आलं? ‘तीनातून सात जात नाहीत ना बाबा, म्हणून मी सातातून तीन काढले.’ म्हणजे तिनं विचार केला होता. नियम चुकीचा होता, पण तो तिनं स्वतः शोधला होता, आणि मी त्यावर नुसती फुली मारत आलो होतो. शाळेत बाई काड्यांचा गठ्ठा सोडायला लावतात. एक दशक सुटा केला की हातात तेरा काड्या येतात, त्यातून सात सहज निघतात. माझा उसना मात्र तीनाच्या डोक्यावर अचानक येऊन बसायचा. तो कुठून येतो, हे मी लहानपणी कधी विचारलं होतं का? मला रीत येत होती. समजली होती, असं आज खात्रीनं म्हणवत नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला वीस एक, वीस दोन असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या, आणि मी ते पुस्तक न उघडता मित्रांबरोबर खिल्ली उडवत होतो. मुलगी तेव्हा रांगत होती. आज तिला एकोणसाठ लिहायला सांगितलं की तिचा हात आधी 6 कडे जातो, कारण कानावर साठ पडलेलं असतं. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. नवी पद्धत योग्यच होती का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. पण ती अडचण खरी होती, आणि जे मूल तिथे अडखळतं त्याचा विचार मी तेव्हा क्षणभरही केला नव्हता.

मग मी दुसरी सोपी वाट धरली. वही नकोच, भाजी घेताना हिशेब शिकेल! तेही किती खरं? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडत होती, आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशेबात. एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही. भाजीवालीनं परत दिलेले सुटे आणि वहीतली वजाबाकी एकच आहे, हे कुणीतरी मुलीशेजारी बसून दाखवावं लागतं. बाजाराच्या नावाखाली मी नेमकं तेच टाळत होतो का?

पाढ्यांचंही तेच. पाढे पाठ असावेत, असं मला आजही वाटतं. पुढच्या गुणाकार-भागाकारात त्यांचा फार आधार होतो. पण पाहुणे आले की तिला ‘बाराचा म्हणून दाखव’ म्हणायचो, तो सराव कुणासाठी होता?

हल्ली उत्तर आलं की मी विचारतो, ‘कसं केलंस?’ परवा तिचं उत्तर बरोबर होतं. मी विचारलं मात्र, तिनं खोडरबर उचलला आणि आकडे पुसायला लागली. इतके दिवस हा प्रश्न मी फक्त चुकल्यावर विचारला होता, त्याचा दुसरा अर्थ तिला कसा माहीत असणार? मी म्हटलं, ‘बरोबर आहे गं, मला फक्त ऐकायचंय.’ तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं, पुन्हा 26 लिहिले आणि विचारलं, ‘मग विचारलंस कशाला?’