त्याला काय कळतंय?

आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ३२ व्या श्लोकावर. दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःवरून ओळखतो तो श्रेष्ठ योगी, असा त्याचा भाव.

वाचायला सोपं आहे. पण समोरच्याचं दुःख आपल्या दुःखासारखं दिसतच नसेल तर?

डाउन सिंड्रोम असलेली मोठी माणसं घ्या. २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती, हे त्यामागचं कारण १९५९ मध्ये कळलं. त्यांच्याबद्दल आपली दोन वाक्यं ठरलेली असतात: "ही नेहमी आनंदी असतात" आणि "त्यांना काय कळतंय!" मग वडील वारले तरी चाळिशीतल्या मुलाला सांगितलं जातं, "बाबा गावाला गेलेत." अंत्यदर्शनालाही नेत नाहीत.

चेहऱ्यावरचे काही भाव, विशेषतः भीती, ओळखणं त्यांच्यातल्या अनेकांना जड जातं, असं अभ्यासांत दिसलंय. पण बऱ्याच जणांना जेवढं समजतं तेवढं बोलता येत नाही. कमी ऐकू येणंही त्यांच्यात पुष्कळ आढळतं. भावनेचं नाव सांगता आलं नाही म्हणून भावना नाही, असं कसं म्हणणार? दुःख कधी उशिरा आणि वेगळ्याच वाटेनं बाहेर येतं. जेवण कमी होतं, झोप उडते, बोलणं थांबतं, चिडचिड वाढते. आणि आपण म्हणतो, "हट्ट करतोय."

आता पुन्हा श्लोकाकडे या. "माझ्यासारखा रडला तरच त्याचं दुःख खरं" हा त्याचा अर्थ नाही, तो आपला अहंकार झाला. माझं दुःख मला जितकं खरं, तितकंच त्याचं त्याला खरं, एवढंच मानायचंय. मग "त्याला त्रास नको" म्हणून मृत्यू लपवणं ही दया आहे का? मला वाटतं, पुष्कळदा त्याचं रडणं आपल्याला झेपत नाही, म्हणून आपण लपवतो. तो मात्र रोज दाराकडे बघत बाबांची वाट पाहतो.

"देवाघरी गेले" हेही पुरेसं नाही. तो विचारेल, "परत कधी येणार?" म्हणून साध्या शब्दांत सांगावं: बाबा वारले, ते आता येणार नाहीत, आम्हालाही रडू येतंय. मग फोटो हातात द्यावा, शेजारी बसावं.

आजची साधना: घरात किंवा सोसायटीत असं कुणी असेल, तर "कसा आहेस?" असं त्यालाच विचारा, आईला नको. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

राम कृष्ण हरी!