रॅपची बदनामी आणि आपली मुले



रॅप हा शब्द कानावर आला की आपल्यापैकी बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. अंगापेक्षा मोठा शर्ट, गळ्यात साखळी, हातवारे आणि तोंडात शिव्या. ना चाल, ना सूर. अशी गाणी ऐकणारा मुलगा बिघडलाच, असे आपण धरून चालतो. ही बदनामी कितपत खरी आहे याचा एकदा शांतपणे विचार व्हायला हवा, कारण तिचा फटका गाण्यांना फारसा बसत नाही, मुलांना बसतो.

आधी जे खरे आहे ते मान्य करू. बाई म्हणजे वस्तू, दारू म्हणजे मर्दपणा आणि पैसा म्हणजे सर्वस्व असे सांगणारी रॅप गाणी पुष्कळ आहेत आणि तीच जास्त खपतात. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत त्या मुलीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा देशभर प्रश्न विचारला गेला की आपण कोणती गाणी वाजवतो. हनी सिंग या गायकाचा ३१ डिसेंबरचा गुडगावचा कार्यक्रम लोकांच्या विरोधामुळे रद्द झाला. अश्लील गाण्यांच्या तक्रारीवरून त्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या नागपूरच्या पाचपावली पोलीस ठाण्यात हजर व्हावे लागले. सर्वात वाईट म्हणून गाजलेले गाणे आपले नाहीच, असे तो सांगत आला आहे. ते काहीही असो, तशी गाणी आहेत आणि घरात आई-बहिणींसमोर ती लागू नयेत असे वाटण्यात काही जुनाटपणा नाही.

पण रॅप म्हणजे तेवढेच का? हिप हॉपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ पासून मोजतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स या गरीब भागात जमैकाहून आलेल्या कुटुंबातील एका मुलीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिने इमारतीत पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने रेकॉर्डी वाजवल्या. तो पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झाला. त्या तालावर यमक जुळवत बोलणे म्हणजे रॅप. दोघे समोरासमोर उभे राहून एकमेकांना शब्दांनी हरवतात, तेही आपल्याला नवीन नाही. कलगी-तुऱ्याचे शाहीर रात्रभर हेच करीत, आणि समोरच्या फडाची टर उडवताना त्यांची भाषा काही सोज्वळ नसे.

आपल्याकडे हा प्रकार घराघरांत पोहोचवणाऱ्यांपैकी एक, डिव्हाइन, म्हणजे अंधेरीच्या जे. बी. नगरमध्ये वाढलेला व्हिव्हियन फर्नांडिस, आपल्याच समाजातला. कुर्ल्याच्या नावेद शेखबरोबर त्याने २०१५ साली आपल्या गल्लीवर गाणे केले. पुढे २०१९ मध्ये आलेला 'गली बॉय' हा चित्रपट या दोघांच्या आयुष्यावरून सुचलेला आहे. शेजारच्या अमरावतीचा विपिन तातड जातीच्या अन्यायावर रॅप करतो. महादेव कोळी समाजातील एक तरुणी 'माही जी' या नावाने आदिवासींच्या जंगलावर गाते.

आता एप्रिल २०२३ चे दिवस आठवा. त्या महिन्यात 'रॅपरवर गुन्हा दाखल' अशा बातम्या लागोपाठ आल्या. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे याच्यावर राजकीय टीकेच्या गाण्याबद्दल गुन्हा नोंदला गेला. मुंबईच्या उमेश खाडे याच्यावर जनतेच्या हालांवरील गाण्याबद्दल. आणि पुण्यात विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिवीगाळीचे रॅप चित्रित केले म्हणून एका तरुणावर. वाचणाऱ्यांनी तिन्ही बातम्या एकाच पिशवीत टाकल्या आणि म्हटले, बघा, रॅपवाले असेच.

माझी अडचण इथे आहे. शिवी वाईट हे आपल्याला लगेच कळते. शिवी कुणाला दिली, हे मात्र आपण पाहत नाही. सत्ता हाती असलेल्याला खडसावणे आणि जिला उलट बोलता येत नाही त्या मुलीची अब्रू चव्हाट्यावर मांडणे, यांत शब्द एकच असले तरी कृती एक नाही. बायबलमधील आमोस हा मेंढपाळ होता. गरिबांना तुडवणाऱ्या श्रीमंतांविषयी तो इतके कडक बोलला की बेथेलच्या याजकाने राजाकडे तक्रार करून त्याला देशाबाहेर जायला सांगितले. त्याची भाषा सभ्य होती असे कुणीही म्हणणार नाही.

तरी 'वरच्याला मारले तर चांगले, खालच्याला मारले तर वाईट' एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. पुष्कळदा एकाच मुलाच्या एकाच गाण्यात दोन्ही असते. चार ओळींत तो आपल्या वस्तीवरचा अन्याय जिवंत मांडतो आणि पाचव्या ओळीत कुणा पोरीवर घसरतो. स्वतः सोसलेला अपमान तो आणखी खालच्याकडे ढकलतो. त्याचा राग खरा आहे म्हणून पाचवी ओळ माफ होत नाही. पण पाचव्या ओळीमुळे पहिल्या चार खोट्याही ठरत नाहीत. असे गाणे पूर्ण ऐकावे लागते, आणि आपल्याला तेवढा धीर नसतो.

तमाशाच्या बाबतीतही हेच घडले होते. १९४८ च्या सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली आणि नंतर वग तपासून परवानगी देणे सुरू केले. तमाशात ओंगळपणा होताच. पण त्याच फडातून अण्णाभाऊ साठ्यांनी कामगारांचे दुःख मांडले. बंदीला हे दोन वेगळे करता आले नाहीत.

आपल्या आर्णी तालुक्यातील मुलाकडे सांगण्यासारखे कमी नाही. मार्च २०१४ मध्ये दाभडीला 'चाय पे चर्चा' झाली, तेव्हा इथल्या कापूस पिकवणाऱ्यांचे कर्ज आणि आत्महत्या साऱ्या देशाने ऐकल्या. ज्या घरात असे घडले, तिथल्या मुलाची भाषा गुळगुळीत कशी असेल?

म्हणून नाताळच्या कार्यक्रमात एखाद्या मुलाने रॅप म्हणतो म्हटले, तर नाही म्हणण्याआधी त्याचा कागद मागून घ्यावा आणि सगळ्या ओळी वाचाव्यात. कापसाचा भाव, सावकार, बंद पडलेली एसटी असे काही असेल, तर शब्द खडबडीत असले तरी म्हणू द्यावे. मुलीची टवाळी असेल, तर ती ओळ का नको हे त्याला समजावावे. ते सांगायला त्याच्याच वयाची एखादी मुलगी पुढे आली तर फारच बरे. आणि त्याच कार्यक्रमात नाचासाठी निवडलेली सिनेमाची गाणीही तेव्हाच वाचून पाहावीत. ती तपासावीत असे सहसा कुणाला सुचत नाही.