कथेंतील ‘मी’ आणि ‘तो’

कादंबरी वाचतांना आपलें लक्ष कथानकाकडे, पात्रांकडे, फार तर भाषेच्या सौंदर्याकडे असतें. सर्वनामांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. तो शाळेंतील व्याकरणाचा विषय, असें समजून आपण पानें उलटतों. परंतु न्यायासनापुढें साक्षीदारास प्रथम जो प्रश्न विचारतात, ‘हें तूं स्वतः पाहिलेंस कीं ऐकलेंस?’, त्याच प्रश्नाचें उत्तर कथेंत सर्वनाम देत असतें. कोण पाहतो, कोठून पाहतो आणि दुसऱ्याच्या मनांतलें सांगण्याचा त्याला कितपत अधिकार आहे, हें ‘मी’, ‘तो’, ‘आपण’ या चिमुकल्या शब्दांवरून बरेंचसें ठरतें. म्हणून हा प्रश्न केवळ कलेचा नाहीं, नीतीचाहि आहे, असें आम्हांस वाटतें.

फ्रान्समध्यें तर तो प्रत्यक्ष न्यायालयांतच गेला होता. फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी 1856 सालीं एका नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली व पुढच्याच वर्षीं नीतीस आणि धर्मास बाध आणल्याबद्दल लेखकावर खटला भरण्यांत आला. परपुरुषाच्या सहवासानंतर एम्मा आरशांत पाहते आणि आपल्या नव्या सुखानें हरखून जाते, या प्रसंगावर सरकारी वकिलाचा विशेष रोष होता. ही व्यभिचाराची स्तुति आहे, असें त्याचें म्हणणें. पण स्तुति करतें कोण? लेखक कीं एम्मा? फ्लोबेरनें एम्माचे विचार पुष्कळ ठिकाणीं ‘ती’ या तृतीय पुरुषांत, ‘असें तिला वाटलें’ ही खूण न ठेवतां लिहिले होते. त्यामुळें पात्राचें मन आणि लेखकाचें मत यांमधली भिंत दिसेनाशी झाली. 7 फेब्रुवारी 1857 रोजीं फ्लोबेर निर्दोष सुटला. परंतु तो खटला एका अर्थानें सर्वनामाचाच होता.

मराठीनें अशा वेळीं एक सोय करून ठेविली आहे. ‘गोविंदाला वाटलें कीं, तो मूर्ख आहे’ असें म्हटलें तर मूर्ख कोणी दुसराच, असें आपण बहुधा समजतों. ‘आपण मूर्ख आहों’ असें म्हटलें कीं, तो गोविंद स्वतः. पुढच्या वाक्यांत ‘वाटलें’ हें क्रियापद गाळलें, तरी ‘आपण’ या एका शब्दावरून आपण गोविंदाच्या मनांत आहों हें कळतें.

परंतु ही सोय देणारी आपली भाषा लेखकाला लपूं मात्र देत नाहीं. इंग्रजींत ‘मी गेलों’ आणि ‘मी गेलें’ यांत भेद नाहीं. मराठींत बोलणारा पुरुष कीं स्त्री, हें बहुधा पहिल्याच वाक्यांत उघड होतें. त्याहून मोठी अडचण ‘तो’ आणि ‘ते’ यांची आहे. इंग्रज लेखक राजाला आणि त्याच्या मोतद्दाराला एकच सर्वनाम लावतो. आपण मात्र ‘रावसाहेब आले’ आणि ‘गडी आला’ असें सहज लिहून जातों. तृतीय पुरुषी निवेदन तटस्थ असतें, असें म्हणण्याची वहिवाट आहे. मग जो निवेदक कथेंतला कोणीच नाहीं, ना कोणाचा पुतण्या ना कोणाचा कारकून, त्याची मान रावसाहेबांपुढें कां लवावी? वयानें मोठ्या असलेल्या गड्याला एकेरी हांक मारण्याचा हक्क त्याला कोणी दिला? एवढ्यावरूनच समजावें कीं, निवेदक दिवाणखान्यांत बसला आहे, अंगणांत नाहीं.

ही बसण्याची जागा बदलली म्हणजे काय होतें, तें आपल्याच वाङ्मयांत पाहण्यासारखें आहे. बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ 1857 सालचें. हिंदु विधवांचीं दुःखें त्यांत कळकळीनें मांडलीं आहेत. यमुना आणि तिचा पति विनायक हीं प्रवासास निघतात आणि त्या निमित्तानें विधवांच्या हकिगती वाचकापुढें येतात. आपला कळवळा तेथें पाहणाऱ्याचा कळवळा असतो. पुढें हरि नारायण आपटे यांनीं 1890 त सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः लिहिली. तींतील यमू स्वतःची हकिगत स्वतः सांगते. माहेर, सासर, वैधव्य, केशवपन हें सारें तिच्याच डोळ्यांनीं दिसतें. विषय नवा नव्हता. सर्वनामाचें बळ नवें होतें. ज्या घरांत पतीचा उल्लेखहि ‘तिकडून येणें झालें’ अशा आडवाटेनें करावा लागे, तशा घरांतील मुलीनें शेंकडों पानें ‘मी’ म्हणावें, हेंच केवढें धाडस होतें!

येथें आक्षेप येईल कीं, तो ‘मी’ उसना होता. पुरुषानें स्त्रीच्या तोंडून बोलणें ही तिच्यावरची आणखी एक मालकीच नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. 1933 सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालें आणि शिकलेल्या स्त्रीचें मन स्त्रीनेंच उघड केलें; पण मागाहून मालती बेडेकर म्हणून सर्वांस ठाऊक झालेल्या त्या लेखिकेस ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनांवाआड उभें राहावें लागलें. ज्यांना आपला ‘मी’ उच्चारण्यास इतकी किंमत पडते, त्यांच्या वतीनें सुखवस्तु लेखकानें तो उच्चारावा, यांत धोका आहेच.

तथापि आमच्या मतें हा अधिकार नाकारूं नये. त्यास अट घालावी. दुसऱ्याचा ‘मी’ घेतला, तर त्याच्या मर्यादाहि घ्याव्या. जें तिला कळणें शक्य नव्हतें तें लेखकानें तिच्या तोंडीं घालूं नये. तिचें भय, तिचें अज्ञान, आपल्याला न पटणारी तिची श्रद्धा यांना कात्री लावूं नये. तिच्या मुखांतून लेखकाचें व्याख्यान निघूं लागलें कीं, तो ‘मी’ खोटा झाला. आणि न्याय करावयाचा तर ‘मी’ म्हणण्याची पाळी एकालाच देऊन भागत नाहीं. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हीं तिघेंहि आपापली बाजू ‘मी’ म्हणून सांगतात; प्रत्येकाचें दुःख खरें वाटतें आणि निवाड्याचा भार वाचकावर येतो. हा भार वाचकास उपकारकच आहे, कारण संसारांतहि एकाच बाजूची हकिगत ऐकून आपण निवाडे देत असतों.

म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति कीं, पुढची कादंबरी हातीं घ्याल तेव्हां तींत ‘मी’ कोण म्हणतो याबरोबरच, ‘मी’ म्हणण्याची पाळी कोणाची कधींच आली नाहीं, तेंहि पाहावें. जो गडी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ‘तो’च राहिला, त्यानें ही गोष्ट सांगितली असती, तर रावसाहेबांच्या वांट्याला कोणतें सर्वनाम आलें असतें?