मोरचुदाचा रंग कुणाचा?

मराठवाड्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात तीन पदार्थ हमखास मिळतात: निळा मोरचूद, पोपटी हिराकस आणि पांढरे झिंक सल्फेट. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये 'नीट'ची तयारी करणारी मुले नेमके हेच तीन रंग तक्त्यातून पाठ करतात. १८० प्रश्नांच्या परीक्षेत तक्ता कामाला येतो, आणि लातूर पॅटर्नने कितीतरी खेड्यांतल्या घरांना पहिला डॉक्टर दिला, हे मी कमी लेखणार नाही. पण तक्ता मुलांच्या मनात एक गैरसमज पक्का करतो: रंग त्या धातूच्या मालकीचा असतो.

मोरचूद परीक्षानळीत तापवून बघा. स्फटिकातले पाणी वाफ होऊन जाते तसा निळा खडा विटत विटत पांढरट भुकटी होतो. तांबे जागेवर आहे, सल्फेटही आहे. गेले ते फक्त पाणी. भुकटी गार झाल्यावर दोन थेंब टाका, निळाई परत येते आणि नळी बोटांना ऊन लागते. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया जास्त घाला, रंग गर्द जांभळट निळा होतो. अमोनियाऐवजी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, हिरवट होतो. तांब्याच्या आयनाला कुणी वेढले आहे, त्यावर त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधले अंतर ठरते आणि त्या अंतरावर कोणता प्रकाश शोषला जाईल ते. जस्ताच्या आयनात त्या पातळ्या पूर्ण भरलेल्या. इलेक्ट्रॉनाला सरकायला जागा नाही, म्हणून झिंक सल्फेटला रंग नाही.

हिराकस ओल्या हवेत उघडा राहिला की पिवळट-तपकिरी पडतो. लोहाने आणखी एक इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात, त्यामागेही लोहाचे हेच रूप बदलणे आहे.

मुलांना हे परके का वाटावे? द्राक्षाच्या, मोसंबीच्या बागेत बोर्डो मिश्रण घरचेच लोक करतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. भांडे प्लास्टिकचे, लोखंडाचे नाही. मिश्रण झाले की त्यात लोखंडी सळई बुडवून बघतात. सळईवर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने करपतात. दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. ज्याने ती सळई स्वतः बाहेर काढून पाहिली आहे, त्याला समीकरण शिकवायला वेळ लागत नाही.

२०२४ पासून 'नीट'च्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचा घटक आला, पण तेही प्रश्न चार पर्यायांतच सुटतात. बारावीच्या बोर्डाचे तीस गुण मात्र प्रयोगशाळेचे आहेत. ते वही पूर्ण करून नव्हे, नळी हातात धरून मिळायला हवेत. त्याला फार खर्च नाही: चिमूटभर मोरचूद, एक दिवा, आणि वेळापत्रकातला एक तास.