दप्तरातला पाऊस

मे २०२० मध्ये इंग्लंडात सरासरी जेमतेम ९.६ मिलिमीटर पाऊस पडला आणि सर्वांत कोरडा मे म्हणून त्याची नोंद झाली. तो मान फार काळ टिकला नाही. १८४४ चा मे त्याहून कोरडा, ८.३ मिलिमीटरचा, निघाला. हा आकडा ब्रिटिश हवामान खात्याच्या दप्तरात हस्ताक्षरात पडून होता. संगणकात नसल्याने हिशेबात नव्हता, एवढेच. संशोधक तापमानवाढीच्या सोयीचे तेवढेच आकडे उचलतात, असा संशय घेणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. जुन्या नोंदी बाहेर काढल्या की ताजा विक्रमही हातचा जातो, आणि म्हणूनच त्या काढायच्या.

रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी मार्च २०२० मध्ये अशा हस्तलिखित नोंदींचे सुमारे ६५ हजार तक्ते लोकांपुढे ठेवले. टाळेबंदीत घरी अडकलेल्या १६ हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी सोळा दिवसांत पन्नास लाखांवर आकडे टंकून दिले. हौशी माणसांच्या कामावर शास्त्राने विसंबावे का, ही शंका रास्त आहे. पण इथे विसंबायचे होते ते एकट्यादुकट्यावर नव्हे. तोच आकडा अनेकांनी एकमेकांचे न पाहता वाचला. शिवाय तक्त्यावर बारा महिन्यांखाली वर्षाची बेरीज लिहिलेली असे. वाचलेले महिने त्या बेरजेशी जुळले नाहीत की चूक उघडी पडे; कधी वाचणाऱ्याची, कधी दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याची. मुळात मोजणारेही बहुतेक हौशीच होते. नॉरफोकच्या लेडी बेनिंग यांनी १८३५ पासून १८८७ पर्यंत नोंदी ठेवल्या, आणि मेजवान्यांच्या हंगामात लंडनला जाताना पर्जन्यमापकही बरोबर नेला. असे तपशील नुसते गमतीचे नाहीत. मापक नेमका कुठे होता हे ठरल्याशिवाय आकड्याला किंमत नाही. स्वयंसेवकांतले काही जण ही ठिकाणे हुडकण्यात पुढेही गुंतले आणि या कामावरच्या शोधनिबंधाचे सहलेखक झाले.

हवामान बदलले आहे, मग जुन्या पावसाचे काय करायचे, असाही प्रश्न येतो. बदल मोजायचा तर आधीचे माप लागते, आणि शंभर वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या अवर्षणाचा अंदाज साठ वर्षांच्या आकड्यांवर बांधता येत नाही. मोजकी विश्वासार्ह केंद्रे तेवढी पुरतील, हा युक्तिवाद तर मुंबईकराला सांगूच नये. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. त्या दिवसाची फक्त कुलाब्याची वही उरली असती, तर पुढच्या अभ्यासकाने तो दिवस पावसाळ्यातला साधा दिवस समजून पान उलटले असते.