दोन कागद

‘रोमिओ आणि ज्युलिएट’ पुन्हा हातात घेतलं की मी एका किरकोळ प्रवेशापाशी थबकतो. व्हेरोनाच्या रस्त्यावर कॅप्युलेटांचा नोकर पाहुण्यांची यादी घेऊन उभा आहे. यात नावं असतील त्या सगळ्यांना रात्रीच्या मेजवानीचं आवतण देऊन ये, असं धन्याने बजावलंय. पण त्याला अक्षरओळख नाही. समोरून येणाऱ्या तरुणालाच तो यादी वाचून दाखवायची विनंती करतो. तो तरुण रोमिओ. यादी वाचून होते आणि उपकाराची फेड म्हणून नोकर त्यालाही जेवायला या म्हणतो. अट एकच, तुम्ही माँटेग्यूंच्या घरचे नसावेत.

रविवारी ही यादी, आणि गुरुवारी पहाटे थडग्यात दोन कोवळी प्रेतं. आर्थर ब्रूकच्या १५६२ मधल्या ज्या दीर्घकाव्यावरून शेक्सपिअरने कथा घेतली, त्यात ती कित्येक महिने चालते. त्याने ती पाच दिवसांत आवळली. शिवाय दोघं मरणार हे पडदा उघडतानाच सांगून टाकलं. त्यामुळे पुढे काय होईल ही उत्सुकता उरत नाही. आपण दर वळणावर मनात म्हणत राहतो, अजून वेळ आहे, अजून वेळ आहे.

दुसरा कागद म्हणजे धर्मगुरू लॉरेन्सचं पत्र. औषध घेतलं की ज्युलिएट ४२ तास मेल्यासारखी निपचित पडणार, तोवर व्हेरोनातून हद्दपार झालेल्या रोमिओने मांतुआहून येऊन तिला घेऊन जायचं. अंतर साधारण ४० किलोमीटरचं. पत्र न्यायला निघालेला जॉन सोबतीसाठी आपल्याच पंथाच्या एका साधूला शोधत जातो. तो साधू आजाऱ्यांच्या भेटीला गेलेला असतो. प्लेगचा संशय येऊन शहराचे तपासनीस दोघांनाही घरात कोंडतात आणि दारं बंद करतात. १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाटकघरं प्लेगपायी बराच काळ बंदच होती. बंद केलेलं दार म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं नसेल. २०२० पाहिलेल्या आपल्यालाही ते सांगावं लागत नाही.

याला मी पूर्वी दैव म्हणत असे. आता जीभ रेटत नाही. प्लेग आला दैवाने, हे कबूल. पण दोन जीव एका कागदावर टांगले कुणी? चौदा वर्षंही पुरी न झालेल्या मुलीला ‘माझं लग्न झालंय’ एवढं आईबापांपाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून औषध, म्हणून चोरटं पत्र. घराण्यांचं वैर कशावरून पेटलं, ते नाटकात कुणीच सांगत नाही. मंगळवारी सकाळी तिला घराबाहेर काढायची भाषा करणारा बाप, ती त्याने ठरवलेल्या लग्नाला हो म्हणताच हरखून जातो आणि गुरुवारचं लग्न बुधवारवर आणतो. पत्राला मिळायचा एक दिवस तिथेच गेला. त्या बापाचं लेकीवर प्रेम आहे, हे मला सगळ्यांत जास्त लागतं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरच्यांनीच संपवलेल्या मुलींच्या बातम्या आपल्याकडेही येतात. ‘नशीब तिचं’ असं कुणी म्हटलं की मला तो हरखलेला बाप दिसतो.

जॉन सुटून लॉरेन्सकडे येतो तेव्हा पत्र त्याच्याच हातात असतं. संसर्गाच्या भीतीने ते मांतुआला न्यायला कुणी धजावलं नाही, लॉरेन्सकडे परत आणून द्यायलाही नाही. लॉरेन्स त्याला पहार आणायला पिटाळतो. तीन तासांत ज्युलिएट जागी होणार आहे.