बढती कशास म्हणावें?

एखाद्या मनुष्यानें हातांतलें काम सोडून दुसरें पतकरलें म्हणजे तो वर चढला कीं खालीं उतरला, हा निकाल आपण फार त्वरेनें देऊन टाकतों. पगार वाढला, मोठ्या माणसांच्या पंक्तीला बसावयास मिळालें, चार वर्तमानपत्रांत नांव आलें, कीं ती बढती. याच्या उलट झालें कीं ती उतरण. व्यवहारांत हीं मापें चालतात, आणि ज्याला संसार चालवावयाचा आहे त्यानें तीं अजिबात टाकून द्यावीं असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु कामाच्या योग्यतेचा प्रश्न निघाला म्हणजे तीं अपुरीं पडतात. या प्रश्नाचा विचार करण्यास अमेरिकेंतील एका बास्केटबॉलपटु स्त्रीच्या कारकीर्दीनें चांगलें साधन पुरविलें आहे. ज्या वाचकाला खेळांत गोडी नाहीं त्यानेंही ती कारकीर्द डोळ्यांखालून घालावी. कारण तींतील खरा वाद चेंडूचा नसून किंमतीचा आहे.

बेकी हॅमन या बाईंचा जन्म १९७७ सालीं साउथ डकोटा संस्थानांतील रॅपिड सिटी या गांवीं झाला. उंची अवघी साडेपांच फूट, आणि हा खेळ तर उंच माणसांचा. कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या संघांत त्यांनीं नांव मिळविलें. तरी १९९९ मध्यें स्त्रियांच्या व्यावसायिक लीगमधील संघांनीं नव्या खेळाडूंची वार्षिक निवड केली, तेव्हां एकाही संघानें त्यांना उचललें नाहीं. पुढें न्यूयॉर्कच्या संघानें त्यांना घेतलें. तेथें आठ आणि सॅन अँटोनिओच्या संघांत आठ असे सोळा हंगाम त्या खेळल्या. चेंडू पुढें नेणें आणि डाव मांडणें हें मैदानावर त्यांचें काम होतें. २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं स्वदेशाच्या संघांत जागा मिळण्याचीं चिन्हें दिसेनात, तेव्हां त्यांनीं रशियाचें नागरिकत्व घेऊन त्या देशाच्या वतीनें खेळण्याचें ठरविलें व बीजिंग येथें ब्राँझपदक मिळविलें. याबद्दल स्वदेशांत त्यांना कडू बोलही ऐकावे लागले. एक दार बंद दिसलें तर दुसरें शोधावें, हा त्यांचा स्वभाव येथेंच दिसून येतो.

२०१३ मध्यें त्यांचा गुडघा दुखावला. त्या सक्तीच्या विश्रांतींत त्या सॅन अँटोनिओच्याच पुरुषांच्या संघाचा सराव पाहावयास व त्या संघाच्या प्रशिक्षकांच्या बैठकींत बसावयास जाऊं लागल्या. ग्रेग पोपोविच हे त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक. त्यांना बाईंच्या बोलण्यांत खेळाची जाण दिसली, आणि ऑगस्ट २०१४ मध्यें त्यांनीं बाईंना आपल्या हाताखालीं सहायक प्रशिक्षक म्हणून नेमलें. पुरुषांच्या एन. बी. ए. या लीगमध्यें पूर्ण वेळाची पगारी सहायक प्रशिक्षक झालेली ही पहिली स्त्री. ३० डिसेंबर २०२० रोजीं लॉस अँजिलिसच्या संघाशीं सामना चालू असतां पंचांनीं पोपोविच यांना बाहेर घालविलें, आणि उरलेल्या सामन्याचें सूत्र हॅमनबाईंच्या हातीं आलें. त्या लीगच्या नियमित सामन्यांत मुख्य प्रशिक्षकाचें काम करणारी स्त्री प्रथमच दिसली. सामना त्यांचा संघ हरला. पण त्या दिवशीं निकालाकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें.

आतां सर्वांची अपेक्षा अशी कीं, पुढची पायरी म्हणजे पुरुषांच्या एखाद्या संघाचें मुख्य प्रशिक्षकपद. २०२१ मध्यें पोर्टलंडच्या संघानें या पदासाठीं त्यांचा विचार केला. नेमणूक मात्र दुसऱ्याची झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी आली कीं, बाई पुरुषांची लीग सोडून लास व्हेगास येथील स्त्रियांच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक होणार. अनेकांना हळहळ वाटली. शिखराजवळ येऊन बाई मागें फिरल्या, असा त्या हळहळीचा सूर होता. त्या खरोखरच मागें फिरल्या काय, हाच आपला प्रश्न.

प्रथम ज्यांनीं त्यांना नाकारलें त्यांची बाजू पाहूं. बाईंनीं स्वतः सांगितल्याप्रमाणें आक्षेप दोन होते: त्यांनीं मुख्य प्रशिक्षकाचें काम कधीं केलेलें नाहीं, आणि त्यांचा अनुभव एकाच संघांतला आहे. आक्षेप वरवर वाजवी आहेत. परंतु ज्या २०१४ सालीं बाई सहायक झाल्या, त्याच सालीं गोल्डन स्टेट संघानें स्टीव्ह कर या गृहस्थांना मुख्य प्रशिक्षक नेमलें. कर हे जुने नामांकित खेळाडू. पण प्रशिक्षकाचें काम त्यांनीं तोंपर्यंत एक दिवसही केलेलें नव्हतें. २०१५ मध्यें त्यांच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. कर यांची नेमणूक चुकीची होती असें माझें म्हणणें नाहीं; ती धाडसाची होती आणि धाडस फळाला आलें. माझें म्हणणें इतकेंच कीं, अनुभव नसलेल्या पुरुषाच्या ठिकाणीं ज्यांना संभाव्य गुण दिसले, त्यांना सात हंगामांचा अनुभव असलेल्या स्त्रीच्या ठिकाणीं उणीव दिसली. पोहतां येत नाहीं म्हणून पाण्यांत उतरूं न देणें आणि पाण्यांत उतरला नाहीं म्हणून पोहतां येत नाहीं असें म्हणणें, असा हा न्याय आहे. स्त्रियांच्या परवशतेवरील आपल्या १८६९ सालच्या ग्रंथांत मिल्‌ यानें हा न्याय ओळखला होता. जें काम स्त्रियांना स्वभावतःच साधणार नाहीं, त्याची त्यांना बंदी करण्याचें कारणच उरत नाहीं. स्पर्धाच त्यांना दूर ठेवील, असें त्याचें प्रतिपादन आहे.

येथवर प्रश्न अन्यायाचा झाला, आणि त्याचें उत्तर सोपें आहे. यापुढचा प्रश्न अधिक कठीण. अन्यायाविरुद्ध संतापणारे कित्येक सज्जनही नकळत एक गोष्ट गृहीत धरतात: पुरुषांना शिकविणें हें वरचें काम, स्त्रियांना शिकविणें हें खालचें. दार उघडा असा आग्रह धरणारा मनुष्य बहुधा त्या दारापलीकडची खोलीच घरांतली उत्तम खोली आहे, हेंही मान्य करून बसलेला असतो. हें गृहीत कितपत खरें?

पुरुष अधिक उंच उडी मारतात, अधिक जोरानें धांवतात, हें कोणी नाकारीत नाहीं. पण तो गुण खेळाडूंचा, शिकविणाऱ्याचा नव्हे. पहिलवानाचा ताप उतरविणारा वैद्य बालकाचा ताप उतरविणाऱ्या वैद्याहून श्रेष्ठ ठरत नाहीं. प्रशिक्षकाची विद्या म्हणजे माणसांची पारख, शक्तीचा मेळ, वेळेचें भान, आणि बारा स्वभावांच्या बारा व्यक्तींना एका हेतूंत बांधण्याचें सामर्थ्य. ही विद्या समोर कोण उभें आहे त्यावरून मोठी वा लहान होत नाहीं; ती किती सचोटीनें व किती सूक्ष्मपणें चालविली त्यावरून होते. आम्हां शिक्षकांच्या धंद्यांतही हाच घोटाळा आहे. प्राथमिक शाळेंतील गुरुजी हायस्कुलांत गेले कीं चढले, हायस्कुलांतील मास्तर कॉलेजांत आले कीं आणखी चढले, असें आपण बोलतों. जणूं शिष्याचें वय हेंच गुरूच्या योग्यतेचें माप! ज्यानें पांच वर्षांच्या मुलाला प्रथम अक्षर ओळखावयास लावलें, त्याचें काम माझ्या व्याख्यानांहून हलकें होतें असें मला तरी म्हणवत नाहीं.

ही गोष्ट जिनें उभा जन्म आचरून दाखविली अशी एक स्त्री हॅमनबाईंच्या आधींच्या पिढींत होऊन गेली. पॅट समिट या १९७४ मध्यें, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, टेनेसी विद्यापीठाच्या स्त्रियांच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. वेतन महिना २५० डॉलर. खेळाडूंचे कपडे धुणें आणि परगांवच्या सामन्यांना जातांना गाडी हांकणें, हींही कामें त्यांच्याचकडे. १९७६ च्या ऑलिंपिकमध्यें त्यांनीं स्वतः खेळून रौप्यपदक मिळविलें आणि १९८४ मध्यें त्यांच्या शिकवणीखालीं अमेरिकेच्या संघानें सुवर्णपदक जिंकलें. अडतीस हंगामांत १०९८ सामने त्यांच्या संघानें जिंकले व आठ वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलें. त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पुरी केलेली प्रत्येक विद्यार्थिनी पदवीधर झाली, हा आंकडा मला विजयांच्या आंकड्याहून मोठा वाटतो. त्याच विद्यापीठाच्या पुरुषांच्या संघाचें प्रशिक्षकपद त्यांच्यापुढें आलें होतें. त्यांनीं तें नाकारलें. त्याला बढती कां म्हणावें, असा त्यांचा उलट सवाल होता. २०११ मध्यें स्मृतिभ्रंशाच्या व्याधीचें निदान झालें, पुढल्या वर्षीं त्यांनीं काम सोडलें, आणि २०१६ मध्यें त्या निवर्तल्या. तो सवाल मात्र मागें राहिला आहे.

त्या सवालाला इतिहासानें एक विचित्र पुरवणी जोडली आहे. विद्यालयांतून स्त्रीपुरुषांना समान संधि असावी असा कायदा अमेरिकेंत १९७२ सालीं झाला. त्यापूर्वीं कॉलेजांतील स्त्रियांच्या शेंकडा नव्वदांहून अधिक संघांना स्त्रियाच शिकवीत. कायद्यामुळें या खेळांत पैसा आला, प्रतिष्ठा आली, आणि पाठोपाठ पुरुष प्रशिक्षक आले. कांहीं दशकांत स्त्री-प्रशिक्षकांचें प्रमाण निम्म्याच्याही खालीं गेलें. पुरुषांच्या संघांना शिकविणाऱ्या स्त्रिया मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. स्त्रियांना शिकवावयास आलेल्या या पुरुषांना कोणी विचारलें नाहीं कीं, तुम्हांला ह्या खेळाडूंचा स्वभाव कळेल काय? त्यांच्यासाठीं वाट दोन्हीं बाजूंनीं मोकळी होती. अडविलें गेलें तें फक्त एकाच दिशेनें चालणाऱ्यांना. तेव्हां योग्यतेची म्हणून जी शिडी आपण दाखवितों, ती पुष्कळ अंशीं कोणाला चढूं द्यावें याचीच शिडी आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळतां येणार नाहीं. अशा तत्त्वज्ञानानें दाराबाहेर ठेवलेल्या माणसाचें समाधान करणें फार सोयीचें असतें. ‘तुझें अंगणही चांगलेंच आहे, त्यांत रम,’ हें वाक्य जगांतल्या प्रत्येक मक्तेदारानें कधींना कधीं उच्चारलें असेल. आक्षेप खरा आहे. कोणत्याही नाकारण्याला नैतिक तेज चढतें तें घेण्याची मोकळीक असेल तेव्हांच. समिटबाईंच्या पुढें पद चालून आलें होतें, म्हणून त्यांचा नकार हा नकार ठरतो. हॅमनबाईंच्या पुढें तें आलेंच नाहीं; त्यामुळें त्यांचें जाणें पूर्णपणें स्वेच्छेचें होतें असें म्हणणें म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणें होय. २०२५ पर्यंत त्या पुरुषांच्या लीगमधील एकाही संघानें स्त्रीला कायमची मुख्य प्रशिक्षक नेमलेली नाहीं, ही गोष्ट कामाच्या थोरवीवर कितीही प्रवचनें केलीं तरी पुसली जात नाहीं. म्हणून दोन्हीं विधानें एकत्र धरलीं पाहिजेत: दार उघडलें पाहिजे, कारण तें बंद ठेवण्यास न्याय्य कारण नाहीं, आणि दारापलीकडे गेल्यानेंच मनुष्य मोठा होतो हें मानतां कामा नये, कारण तें खरें नाहीं. पहिलें विधान सोडलें तर आपण मक्तेदाराचे भाट होतों. दुसरें सोडलें तर त्याचे भक्त होतों.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मुख्य प्रशिक्षक म्हणून हॅमनबाईंच्या पहिल्याच हंगामांत, २०२२ मध्यें, लास व्हेगासच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. २०२३ व २०२५ मध्यें तें पुन्हां मिळविलें. मध्यंतरीं, मे २०२३ मध्यें, एका गरोदर खेळाडूशीं बोलतांना कामाच्या ठिकाणीं पाळावयाच्या आदराचे नियम त्यांनीं मोडले असा ठपका ठेवून लीगनें त्यांना दोन सामन्यांपुरतें निलंबित केलें. बाईंनीं आरोप नाकारला. त्या प्रकरणाचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. पण तें गाळलें असतें तर हा निबंध स्तोत्र झाला असता. पहिल्या आलेल्या स्त्रीला आपण मखरांत बसवितों, आणि मखरांतील मूर्तीला चुकण्याचा अधिकार नसतो, तसा चौकशीला सामोरें जाण्याचा मानही नसतो. समानता म्हणजे यशाचें श्रेय जसें इतरांना मिळतें तसें मिळणें, आणि दोषाचा जाबही इतरांना द्यावा लागतो तसाच द्यावा लागणें. अधिक नाहीं, उणें नाहीं.

‘पहिली’ या विशेषणाचा मोह आपण थोडा आंवरला पाहिजे. ज्यांनीं इतके दिवस दार लावून ठेवलें त्यांच्याच नांवाशीं तें विशेषण बांधलेलें आहे. तें बाईंच्या गुणाइतकेंच त्यांच्या उशिराचेंही माप आहे. हॅमनबाई खालीं उतरल्या नाहींत. जेथें त्यांना सगळें काम मनाजोगें करावयास मिळालें तेथें त्या गेल्या, आणि तें त्यांनीं उत्तम केलें. बढती या शब्दाला जर कांहीं नैतिक अर्थ द्यावयाचा असेल, तर तो हाच असावा: मनुष्याची शक्ति आणि त्याचें काम यांतील अंतर कमी होणें. मग तें काम कोणाच्या पंक्तीला बसून केलें, हें विचारण्याचें प्रयोजन राहत नाहीं.